टँकर देऊन आणलेली गाडी

हॅलो?… कोण, पंढरी? बोल. हाव, देविदासमामाच. आयटीआयतून रिटायर झालोय रे, बहिरा झालो नाही अजून. ओरडू नको.

काय घेतलीस?… जर्मन? स्पोर्ट्स कार?… चौदा वर्षं जुनी. वा! दारं किती?… दोन. मग बायको, आई अन् पोरं टपावर बसणार का?

बरं, उभी कुठं आहे?… शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर. वाफ निघतेय… अरे, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नको! तोंडावर उकळतं पाणी उडेल. सोडलंस?… शाबास. आता खाली वाकून बघ. काय ठिबकतंय?… हिरवं अन् काळं. हिरवं ते कूलंट, काळं ते ऑइल. म्हणजे दोन्हीकडून गेली.

ऐक तर… हो, हो, पळत असेल दोनशेनं. पण या जुन्या गाड्यांत पाण्याच्या नळ्या, पंपाची पाती, सगळं प्लॅस्टिक. दहा-बारा उन्हाळे खाल्ले की बिस्किटासारखं तुटतं. अन् पोट इतकं खाली, की आपला एकेक गतिरोधक तिला डोंगर.

एक सांग. बघायला गेलास तेव्हा बॉनेटला हात लावला होतास?… गरम होतं. म्हणजे तू जायच्या आधीच चालू करून ठेवली होती. गार इंजिन सुरू होताना आतली साखळी खडखडते, ती तुला ऐकू येऊ नये म्हणून. पोरांना पहिल्याच महिन्यात शिकवायचो मी हे… रंग लई भारी होता? बैल घेताना दात बघतोस, अन् इथं रंग?

काय?… नीट बोल. बदल्यात काय दिलंस?

टँकर?… ट्रॅक्टरसकट?

पंढरी, लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय, अन् तू टँकर देऊन आलास! तुझ्या आईचा आत्ताच फोन येऊन गेला. सगळ्या वाडीनं घागरी रांगेला लावल्यात, टँकर कुठं अडला म्हणून विचारत होती. काय सांगू तिला? येतोय, दोन दारांचा?… अन् या रेडिएटरला तरी पाणी कुठून आणणार आता?

रडू नको. कागदावर सही केलीस?… तू केलीस. ट्रॅक्टर-टँकर कुणाच्या नावावर आहे?… आठव, आठव… हां. माझ्या. मग तुझी सही कोण विचारतो?

मागून कोण येतंय?… मडिवाळप्पा? ज्याला टँकर दिलास तोच? येणारच, त्याचा रस्ताही तोच. ट्रॅक्टर उशिरा येतो, पण येतो. आडवा हो… थांबला? फोन दे त्याला.

नमस्कार, मडिवाळप्पा. मी निलंग्याहून देविदास… हाव, आयटीआयचा… काय म्हणता, माझ्याच वर्गात होतात? वाटलंच. ती बॉनेटची खोड ओळखायला शिकवली होती मी, करायला नव्हे… बस झालं 'सर, सर'. ट्रॅक्टर-टँकर माझ्या नावावर आहे, अन् मी सही करत नाही. टँकर भरलेला आहे?… मग आधी वाडीवर जाऊन घागरी भरा. दोर आहे ना? ही तुमची जर्मनी मागं बांधा, अन् तिथून कशी न्यायची ते तुमचं तुम्ही बघा. द्या त्याला फोन.

पंढरी… नाही, तू ट्रॅक्टरवर बसायचं नाही. मागं स्टेअरिंग धरायला कुणीतरी लागतं… काचा उतरत नाहीत? एसी?… तोही बंद. असू दे, तसाच बस. वाडीत शिरताना हॉर्न वाजव, आईला बघू दे… हॉर्नही नाही?

ठेव फोन.