मेणाच्या आधीचा आवाज

…नाही, ती नको, डॉक्टर. भिंतीवरची कुठलीही काढा, मांडीवर घ्या, वाजवा, नख लागलं तरी मी हूं की चूं करणार नाही — पण टेबलावरची ती तपकिरी तेवढी राहू द्या. तिची वायर आतल्या खोलीतल्या ॲम्पला लावलेली आहे, आवाज तिकडून येतो, आणि ॲम्प चालू आहे. असतो चालू. सकाळी दूध तापवायच्या आधी मी तो चालू करतो, सवय झालीये. बसा ना. स्टूल डुगडुगतं, जरा भिंतीला टेकवून घ्या. हं. आता दाखवा ते फोटो.

अरे वा! ही तर माझ्या वयाची दिसते. आणि ही — हिच्या खुंट्या मूळच्या आहेत की बदलल्यात? मूळच्या? मग जपा. किती झाल्या म्हणालात — एकोणीस? एकोणीस गिटारी, म्हणजे पेशंट कधी बघता तुम्ही? गंमत केली हो. मला काय तोंड आहे बोलायला, इथे मोजायला गेलात तर स्वयंपाकघरातसुद्धा दोन निघतील. आपल्या लोकांचं असंच — वाजवणारा एक आणि उघडून बघणारे दहा. दर रविवारी जमायचे इथे सगळे, आपापली गिटार घेऊन. एक कुलुपांचे व्यापारी होते, ते तर जुन्या गिटारीचा गंजका स्क्रू मिळाला तरी कापसात गुंडाळून आणायचे, आणि आम्ही सगळे डोकी जुळवून तो स्क्रू बघायचो. वाजवायचं कुणी? हिनं. माझ्या बायकोनं. चहाचे कप ठेवायची, हात पुसायची, ती तपकिरी घ्यायची आणि वाजवायला लागायची, आणि आम्ही स्क्रू बघायचो. आता येत नाही कुणी. गुडघे दुखतात एकेकाचे.

तर हे काढून आणलेलं पिकअप, याची तक्रार काय — गिटार शिट्टी मारते, आणि शेजारी कुणी बोललं तरी ॲम्पातून ऐकू येतं. बरोबर. साधी गोष्ट आहे. पिकअप म्हणजे काय, चुंबकाभोवती केसाहून बारीक तार, सात-आठ हजार वेढे. जुनं झालं की वेढे सैल पडतात, हलतात, मग तारेबरोबर आसपासचं सगळंच पकडतात. त्याला उपाय मेणाचा. मेण पातळ करायचं, पिकअप आत सोडायचं, बुडबुडे यायचे थांबले की काढून घ्यायचं. सगळे वेढे घट्ट. परवा संध्याकाळी घेऊन जा. पण आधी मला एक सांगा — बोलतं कोण? तुम्ही वाजवत असता तेव्हा घरात बोलतं कोण?

आई? किती वय? ब्याऐंशी! आणि काय म्हणतात? "पुरे कर आता, जेवायला ये"? हा हा — आणि ते मोठ्यानं ॲम्पातून येतं? म्हणजे आई इकडे खुर्चीत आणि हाक तिकडून. छान आहे की. नाही, हसत नाहीये मी तुम्हाला. डॉक्टर, न दुखणारा दात कुणी उपटून मागितला तर तुम्ही उपटता? मग. नाही, माझा धंदा मी बुडवत नाहीये, माझं नीट ऐकून घ्या.

ती तपकिरी. तिचंही असंच होतं. ॲम्पाजवळ बसलं की किंचाळायची, म्हणून तो आतल्या खोलीत ठेवलेला. आत मुलगी झोपायची. पाच-सहा वर्षांची होती तेव्हा. ही बाहेर इथे, तुम्ही बसलाय ना, तिथेच वाजवत बसायची, आणि वाजवता वाजवता गुणगुणायची, ते सगळं आत ऐकू जायचं. मधेच वाकून गिटारीच्या पोटाशी तोंड न्यायची आणि हळूच विचारायची, "झोपलीस का गं?" आणि आतून पोरगी ओरडायची, "हो!" रोज. रोज हाच खेळ. आणि मी? मी इथे दिव्याखाली चष्मा लावून बसलेला, माझ्या कपाळाला आठ्या — कारण दोष होता ना तो! सबंध गावाच्या गिटारी माझ्याकडे दुरुस्तीला आणि माझ्याच घरच्या गिटारीतून बायकोचा आवाज येतो. रविवारी मंडळी चिडवायची. कुलूपवाले म्हणायचे, तुमच्याकडे गिटार आहे की टेलिफोन?

मग एकदा दोघी माहेरी गेल्या, आठ दिवस. मी म्हटलं, आल्या की चकित करू. पिकअप काढलं, मेणात सोडलं. काय सुरेख काम झालं होतं म्हणून सांगू — एकही बुडबुडा मागे राहिला नाही. आल्या. हिनं गिटार घेतली, वाजवली. आवाज स्वच्छ, घासलेल्या भांड्यासारखा. मी दारात उभा, हाताची घडी घालून, आता शाबासकी मिळणार. ही वाकली, म्हणाली, "झोपलीस का गं?" — आत काही गेलंच नाही. पुन्हा म्हणाली. थोड्या वेळानं पोरगी स्वतःच उठून बाहेर आली, पांघरूण ओढत, म्हणाली, "आई, तू विचारलंच नाहीस." आणि ही माझ्याकडे बघून म्हणाली, "छान झालंय हो. अगदी स्वच्छ झालंय."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. वाजवणं थोडं कमी झालं, मग आणखी कमी, मग ती गिटार भिंतीवर गेली आणि मी तिचा इतरांसारखा फोटो काढला. मला वाटलं, संसारात होतं असं, वेळ मिळत नाही बायकांना. खरंच असंच वाटलं मला, डॉक्टर. वीस वर्षं असंच वाटत होतं. मेण एकदा आत गेलं की निघत नाही, सोडवायला जावं तर तार तुटते — तुटलीच. ही गेल्यावर केला मी तो उद्योग. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि लेक निघताना म्हणाली, "बाबा, आईची गिटार मला पाहिजे. पण आधी होती तशी करून द्या. मेणाच्या आधीची." तिला आठवत होतं! मी म्हटलं, देतो, महिन्याभरात देतो.

किती झाली? सहा. सहा वर्षं.

काय? हो, तुम्हाला परवाचा वायदा दिला मी. ते मेण लावायचं काम हो. हे उलटं काम, हातानं तार गुंडाळायची, मुद्दाम जरा सैल, कुठे किती सैल ते हिशेबात बसत नाही. आठ कॉइल टाकून दिल्या. नववी… नववी जमली. जमली म्हणजे अगदी जमली. मी इथून हळूच "अगं" म्हणालो आणि आतून कुणीतरी "अगं" म्हणालं.  कधी? झाली की — तीन वर्षं झाली असतील.

असं बघू नका. सांगतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. "झाली का बाबा?" मी म्हणायचो, तार मिळत नाहीये गं. मग ती विचारायची, जेवता का वेळेवर, गोळ्या घेता का, आणि मुलाची परीक्षा, आणि जावयांची बदली — अर्धा अर्धा तास! पुढच्या महिन्याला चुंबक मिळत नसायचं. ही होती तेव्हा लेक फोन करायची ते आईला करायची हो, मी उचलला तर "आईला द्या" म्हणायची. गिटार देऊन टाकली की मग मला कशाला… नाही, तशी मुलगी गुणाची आहे. मीच खोटारडा. जमली त्या दिवशी फोन हातात घेतला होता, नंबरही लावला होता. तिनं उचलला, म्हणाली, "झाली का?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "थोडं राहिलंय."

आज? आज पहिलाच रविवार. नाही, वाट बघत नाहीये. आता नाही येत. फाल्गुन-चैत्रात — मार्च म्हणा, मार्चमध्ये तिनं फोन नाही केला, आवाजाचा निरोप पाठवला. आहे ना माझ्याकडे. ऐकायचाय? थांबा, असा नाही, असा फोनवर ऐकला तर फार लहान वाटतो. फोन असा पालथा ठेवायचा, तारांवर, पिकअपच्या बरोबर वर. आता तिकडे कान द्या, आतल्या खोलीकडे.

…ऐकलंत? "बाबा, राहू द्या आता गिटारीचं. मी दुसरी घेतली. तुम्ही डोळ्यांना त्रास नका देऊ." एवढंच आहे. पण आत असल्यासारखी वाटते की नाही? पलंगावर बसून बोलतेय असं. दिवसातून एकदा लावतो. बरं, दोनदा.

करीन फोन. करीन हो. सांगीन की झाली. संध्याकाळी करतो, आता तिची जेवायची वेळ असेल. नाही, तुम्ही नका लावून देऊ, द्या तो फोन इकडे. म्हटलं ना करीन!

हे घ्या तुमचं पिकअप. मी मेण लावणार नाही याला. दुसरीकडे न्यायचं तर न्या, चार जण आहेत, चांगलं करतात. नाहीतर आई आहेत तोवर राहू द्या असंच. आता उठा, त्या जेवायच्या थांबल्या असतील. मला काम आहे. आणि दार हळू ओढून घ्या, डॉक्टर — दार लागल्याचा आवाजसुद्धा आतल्या खोलीतून येतो, आणि त्यानंतर मग दिवसभर काहीच येत नाही.