स्वच्छ प्रत

भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर माझ्या शेजारी एका फिटरची बायको बसली होती. एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले.

"कसा आहे गं?"

"शुद्धीवर नाहीत. काका, त्या जुन्या डिझेल इंजिनाचं पुस्तक तुम्हीच पाठवलंत ना?"

"हो, आमच्या उस्तादांचं. स्कॅन करून ओळखीच्या सगळ्या फिटरना पाठवलं."

"हे किती खूश होते! म्हणाले, एवढी स्वच्छ प्रत जन्मात पाहिली नाही."

"पण झालं कसं?"

"इंजिन बंद केलं, पुस्तकात छापलंय तशी दहा मिनिटं थांबले आणि झाकण उघडलं. आतल्या तेलाच्या वाफेचा भडका उडाला."

"त्या दहाच्या शेजारी उस्तादांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, दोन तास थांबा."

"आमच्या प्रतीत नाही ते."

"मी खोडलं, पोरी. पानन् पान खोडरबराने साफ केलं. पुस्तक नीट दिसावं म्हणून."

"न वाचता?"

"वाचलं होतं. वाटलं, उस्ताद उगाच घाबरट."

"किती जणांकडे गेलंय ते?"

"साठ-सत्तर असतील."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? फोन लावा त्यांना."