आधी फोन कुणी लावायचा

अलेक्झांड्रियात पावाच्या भट्टीपुढं बायकांची आणि पुरुषांची रांग शेजारीशेजारी असते, त्यामुळे शाळेला उशीर होत असलेल्या सुहैलाला उम्म निहालचं, म्हणजे निहालच्या आईचं, अक्षरन् अक्षर ऐकू येत होतं.

"बासेम, तुझ्या त्या लिनक्सनं माझ्या पोरीचं लग्न मोडलं! आठवडा होत आला, कुवेतहून मुलाचा कॉम्प्युटरवर फोन नाही."

"मावशी, अख्ख्या इमारतीला एकाच कनेक्शनवर इंटरनेट देतोय. म्हणून लिनक्सची फायरवॉल बसवली. बाहेरून कुणी न बोलावता आलं, की ती आत सोडत नाही."

"माझा जावई काय चोर आहे?"

"तिला काय कळतंय! तुम्ही इथून कॉम्प्युटरवरून फोन लावा, त्याचं उत्तर बरोबर आत येईल."

"मुलीकडच्यांनी आधी फोन लावायचा? आम्ही काय गळ्यात पडतोय?"

"मग त्याच्यापुरतं दार उघडून देतो. संध्याकाळी."

"आत्ता जा!"

"आणि माझे पाव?"

"मी घेते. पळ!"

"आई, नको पळवू त्याला," मागून निहाल म्हणाली. "मीच लावला काल."

"काय?"

"तो बिचारा रोज लावत होता. त्याला वाटलं, आपणच नाही म्हणतोय. गुरुवारी वडिलांना घेऊन येतोय, फातिहा वाचून सोयरीक पक्की करायला."

उम्म निहाल साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फोन त्यांनी केला. कळलं?"

"हो, आई."

"बासेम?"

"त्यांनीच केला, मावशी."

सुहैलाच्या पुढची म्हातारी वळलीसुद्धा नाही. "आम्ही कुठं काय ऐकलं?"