नातेवाईक गावातच आहेत

सन्माननीय अध्यक्ष, आपले आरोग्य अधिकारी साहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, विभागातले माझे सहकारी, आणि आज जिला निवृत्तीचा निरोप द्यायला आपण जमलो ती आपली सिस्टर,

फार वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. लसीकरण आटोपलं होतं. ही सिस्टर आणि मी, तेव्हाची नवी टायपिस्ट, लशीच्या रिकाम्या पेटीवर बसून एकाच डब्यातून जेवत होतो. हिने उरलेला आइसपॅक माझ्या मानेला लावला. मी किंचाळले. "गप्प बस," ती म्हणाली, "सरकारी थंडावा आहे, कुणी बघितलं तर परत मागतील." बस, एवढंच. त्या दुपारी दुसरं काही घडलं नाही, म्हणूनच ती मला आवडते.

भाषण करताना हात मागे बांधू नयेत, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सांगायच्या. मग ते ठेवायचे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. असो.

तेव्हा उन्हाळ्याची तयारी म्हणजे पाण्यात क्लोरीन आणि जुलाबावरची पाकिटं. आता उन्हाळेच वेगळे झालेत. उष्णतेची लाट येणार असं कळलं की आपण वाचनालयाचा हॉल गार खोली म्हणून उघडतो, दवाखान्यात खाटा वाढवतो, आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांना रोज फोन करतो. फोनची कल्पना सिस्टरची. पद्धतही तिचीच. 'कसे आहात?' असं विचारायचं नाही. "तसं विचारलं की माणूस 'मजेत' म्हणतो, डोळे पांढरे झाले असले तरी," हे तिचं म्हणणं. ती सांगायची, "फोन ठेवू नका. पाणी घेऊन या. आता प्या, मी ऐकतेय."

एक आजी चिडल्या. "बाई, घोट मोजतेस की काय?"

"मोजतेय. दोनच झाले. अजून घ्या."

निवृत्त मास्तर म्हणाले, "परगावची माझी सूनसुद्धा इतका पिच्छा पुरवत नाही!"

"सुनेचा नंबर द्या. तिलाही शिकवते."

पण आपल्याकडे माणसं थोडी आणि फोन फार. म्हणून बैठकीत ठरलं की ज्यांचे नातेवाईक गावातच आहेत त्यांना वगळायचं, त्यांचे लोक बघतील. सगळ्यांनी माना डोलावल्या, सिस्टरनेही. खटकण्यासारखं त्यात होतं तरी काय?

सिस्टरचे थोरले भाऊ, दादा, छापखान्यातून निवृत्त झालेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली एकटे राहायचे. बहीण गावातच, म्हणून त्यांना आपला फोन जात नव्हता. आणि बहीण कुठे होती? आपल्या फोनच्या खोलीत, अनोळखी माणसांना पाणी पाजत.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी घरून निघताना तिने त्यांना फोन केला. "काय दादा, बरं आहे ना?" दादा म्हणाले, "मजेत गं. तू जा कामाला." घरच्या माणसाला आपण असंच विचारतो, नाही का? संध्याकाळी काम संपवून ती गेली तेव्हा पंखा चालू होता आणि दादा खुर्चीत होते.

दादांचं दिवसकार्य झाल्यावर ती कामावर आली आणि तिने हेडफोन लावला. मी म्हटलं, "अगं, घरी जा."

"घरी जाऊन काय करू? लाट अजून आहे." आणि तिने पुढचा नंबर लावला.

ती रडली नाही. मीही नाही. आजही इथे उभी आहे आणि मला फक्त माइकची घरघर ऐकू येतेय. पुढे कधीतरी रडू येईल, असं आम्ही दोघींनी गृहीत धरलंय.

साहेब, निरोपाच्या भाषणात कार्यालयाचा विषय काढू नये, एवढं मला कळतं. पण आपल्या उन्हाळ्याच्या नव्या आराखड्यावर सही सोमवारी आहे आणि भाषण आज. वगळण्याची ती ओळ त्यात तशीच आहे. मी स्वतः टाइप केली. परवा मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, माणसं कुठून आणू?" प्रश्न खरा आहे. उत्तर माझ्याकडे नाही. ओळ काढा, एवढंच मागते. फोनला मी बसेन, लेखा विभागातल्या दोघींनीही हो म्हटलंय.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, हॉल दिलात, चहा केलात, मनापासून आभार. मानपानात, बोलण्यात काही राहिलं किंवा जास्त झालं असेल तर पोटात घाला.

सिस्टर स्वतः बोलणार नाही. तिने मला तिच्या वस्तूंची वाटणी तेवढी सांगायला लावली आहे. टेबलफॅन लॅबमधल्या मुलींना. खुर्चीवरची उशी शिपाईमामांना, कमरेसाठी. हेडफोन नव्या सिस्टरला, डाव्या बाजूने आवाज कमी येतो हे सांगून. कपाटातल्या चपला कुणीही घ्याव्यात.

आणि हा कागद तिने दिलेला नाही, माझा आहे. यावर तिच्या घरचा नंबर आहे. उद्यापासून तीही एकटी, आणि तिची मावसबहीण गावातच आहे. साहेब, हा तुम्हाला. ओळ काढलीत तर आमच्याकडे पाठवा. नाही काढलीत तर तुमच्याजवळ ठेवा, आणि लाट आली की दुपारी तुम्ही लावा.