मैनाचं बोट

नाय नाय, त्या गणपतीच्या मूर्तीला हात नका लावू दादा – डोळे ओले हायत अजून. आत्ताच आखलेत मैनानं, माझ्या बायकोनं. अख्ख्या जोहे गावात तिच्यासारखी आखणी कुणाची नाय... रोह्याहून टेम्पो घेऊन आलात, कळतंय मला, पण बाकीच्या मूर्ती उद्याच मिळतील. – ती? ती काय आत बसलीय, बादलीत पाय घालून. गार पाणी लागतं तिला. ऊन वाढलं की एका डोळ्यापुढं धुरळा येतो, हात जड होतो – मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात त्याला. मेंदूतल्या वायरींवरचं कव्हर जातंय, असं डॉक्टर बोलले. मुंबईला त्या मोठ्या मशीनमध्ये घातली होती तिला. करायचं काय, तर काय नाय, पडल्या पडल्या नुसतं बोट हलवायचं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडं रक्त धावतं, ते पडद्यावर लाल दिसतं. तुमचं-माझं बोट हललं तर एवढासा ठिपका. मैनाचं हललं – आणि दोन्ही बाजू पेटल्या! मी घाबरलोच. डॉक्टर बोलले, अहो, एका बोटासाठी सगळी वाडी धावून आलीय, म्हणून तर हात चालतोय. मला बरं वाटलं. वाटणारच ना?

यंदा परत नेली. या खेपेला लाल कमी – अगदीच थोडं. मी हसलो बघा तिथं, म्हटलं आराम पडला. डॉक्टर नाय हसले. बोलले, आराम कसला, धावणारेच थकलेत, रक्त पयल्यासारखं तिकडं जात नाय. आता हात कधी अडेल सांगता येत नाय... मैना बाहेर बाकड्यावर होती. विचारलंन, "काय बोलले हो?" – खरं सांगवलं नाय. सांगितलं, सुधारलंय. अशी खूश झाली – येताना पेणला उतरून स्वतः नवे ब्रश घेतलेन, आणि वर तुमच्यासारख्यांच्या एवढ्या ऑर्डरी घेतल्यान. नको बोललो असतो तर का म्हणून विचारलं नसतंन?

कुणाकडं बोलू नका हां. आपलं सहज निघालं तोंडातून... माझ्या मागं काय बघताय?

मैना! – तू उठलीस कशाला गो? भिंत धर, भिंत धर – नाय, ते मी दुसऱ्या कुणाचं... ते ब्रश कशाला खाली ठेवतेस? मैना?

दादा, तुम्ही जावा. जावा म्हणतो ना.