श्री. बाबूभाई शेख

“वास्ते तोडू नका रे, बांबूचं लेकरू हाये थे.” रानात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, जपणाऱ्या बापाचा आठवणीतला आवाज आशाबाईला वडशाच्या पोस्टात, रांगेत उभ्या उभ्या ऐकू आला, कारण पुढे बाबूभाई टेलर आणि त्यांची मुलगी आफ्रीन बांबूवरूनच भांडत होते.

“अब्बा, हे जाहिरातीचं पुस्तक हर महिन्याले येते. आपण मागवलं काय?”

“फुकट येते ना? येऊ दे.”

“फुकट कसं? बांबूचे ट्रकच्या ट्रक कागदाच्या मिलमधी जाऊन राह्यले, दिसत नाई काय?”

“माह्या एका पुस्तकानं जंगल सरते व्हय?”

“सारेच असं म्हणतेत.”

“मंग तूच लिही पाकिटावर नकार.”

“नाव तुमचं हाये. तुमच्या सहीबिगर वापस जात नाई.”

“कागद भलता चिकना हाये. बकरी बी तोंड नाई लावत. पण राहू दे.”

“काऊन पण?”

“लोक ऐकून राह्यले.”

“ऐकू द्या भाऊ,” आशाबाई मागून म्हणाली, “मी बी बांबू तोडणाऱ्याचीच पोरगी हावो.”

खिडकी आली. बाबूभाईंनी पाकिटावरच्या छापील नावावरून बोट फिरवलं, पेन मागितला, ‘घेण्यास नकार’ लिहून खाली सावकाश सही केली.

“बेटा, जिंदगीभर सारे मले ‘ए टेलर’ म्हणत आले. ह्यायनं ‘श्री.’ लावून नाव छापलं, म्हणून एकेक पुस्तक जपून ठेवत होतो. पण हे पाह्य, आता माह्या हातानं नाव लिवलं. छापल्याहून झाक दिसते.”