आत्याचा टॉवर

फुआतिनो : हॉस्टेलात! सख्खी आत्या याच ऑकलंडात जिवंत असताना भाची परक्यांच्या हॉस्टेलात झोपली! अहो, ऐकताय ना?

लाफाएले : गाडी मी हातांनी चालवतोय. कान रिकामेच आहेत.

टेलेसिया : आत्या, दोन रात्रींचा तर प्रश्न होता.

फुआतिनो : आणि बाजारात मला बघून अळकुड्यांच्या ढिगामागे लपली ती! चांगली वाकून!

टेलेसिया : निवडत होते मी.

लाफाएले : पोरी, आत्यापासून लपायचं होतं तर ओटाराच्या शनिवारच्या बाजारात कशाला आलीस? ऑकलंडातलं अख्खं सामोआ सकाळी तिथेच असतं.

टेलेसिया : काय करू काका? कॉलेज सुरू झाल्यापासून डनेडिनला नुसते बटाटे खातेय. म्हटलं, इथल्या त्या उंच टॉवरवर जायच्या आधी एक पानीपोपो खाऊ. नारळाच्या रसातला पाव म्हटला की माझी अक्कल चरायला जाते.

फुआतिनो : खायला आपली माणसं, झोपायला परकी! उद्या चर्चमध्ये काय तोंड दाखवू? म्हणतील, फुआतिनोच्या घरात भाचीपुरती चटई नव्हती.

टेलेसिया : मागच्या सुट्टीत तुझ्याकडेच उतरले होते ना? शहर बघायला आले होते. काय बघितलं? पाच स्वयंपाकघरं!

फुआतिनो : चार. मालियाकडे आपण अंगणात जेवलो.

टेलेसिया : उद्या दुपारी माझं विमान आहे. सकाळी चर्च, मग जेवण, आणि जेवणावरून तू कुणाला उठू देत नाहीस. राहिला आजचा दिवस. मला टॉवरवर जायचंय, आत्या. बाकी काही नको.

फुआतिनो : जाऊ की. आधी लोसाकडे डोकावू. तिचा गुडघा बदललाय.

टेलेसिया : तिचा गुडघा मी मागच्या वेळी बघितला.

फुआतिनो : तो डावा होता.

लाफाएले : तो बघ पोरी, आला तुझा टॉवर. समोरच्या काचेतून बघ.

फुआतिनो : दिसला? छान आहे. आता लोसाकडे वळा.

टेलेसिया : खालून नाही गं, वरून! तूच सांगायचीस ना फोनवर? ‘आत्ता टॉवरवर उभी आहे, इथून सामोआतलं आपलं गाव दिसतंय, आजी अंगण झाडतेय, टेलेसियानं अजून आंघोळ केलेली नाही.’ आम्ही सगळी पोरं अंगणात रांगेनं उभी राहून आभाळाकडे हात हलवायचो. शेजारची पोरंसुद्धा बोलावून आणायचो!

फुआतिनो : लहान मुलांना सांगायच्या गोष्टी त्या.

टेलेसिया : आता कळतं गं. पण तू जिथे उभी राहायचीस, तिथे मला एकदा उभं राहायचंय.

फुआतिनो : लोसा वाट बघत असेल.

लाफाएले : सांगून टाक, फुआतिनो.

फुआतिनो : तुम्ही रस्त्याकडे बघा!

लाफाएले : टेलेसिया, इतकी वर्षं झाली इथे येऊन, पण तुझी आत्या त्या टॉवरवर एकदाही गेलेली नाही.

टेलेसिया : काय?

फुआतिनो : वेळ कुठे होता? आणि उंचावर माझे पाय लटपटतात. पडदा काढायचा झाला तरी मी स्टुलावर ह्यांना चढवते.

टेलेसिया : मग फोन कुठून करायचीस?

फुआतिनो : कपडे धुवायच्या खोलीतून. दार लावून घ्यायचे, म्हणजे मी रडले तर घरात कुणाला कळायचं नाही. तुम्ही पोरं तिकडून ओरडायचात, ‘आत्या कधी येणार, कधी येणार?’ येता तर येत नव्हतं. फार आठवण यायची गं तुमची. मग म्हटलं, मी इथून बघतेय तुम्हाला.

टेलेसिया : आत्या...

लाफाएले : अरेच्चा! ही गाडी आपोआप पार्किंगमध्ये कशी काय वळली?

फुआतिनो : अहो! लोसा!

लाफाएले : लोसाचा गुडघा कुठे पळून जात नाही. उतरा दोघी.

(टॉवरचा वरचा मजला. आत्यानं लिफ्टपासूनच डोळे गच्च मिटलेत. एका हातात भाचीचा दंड, दुसऱ्यात अळकुड्यांची पिशवी. पिशवी गाडीत ठेवायला ती काही केल्या तयार झाली नाही.)

फुआतिनो : हलतोय का हो हा?

लाफाएले : तो नाही, तू हलतेयस.

टेलेसिया : डोळे उघड ना आत्या. पूल बघ, होड्या बघ, केवढा समुद्र आहे!

फुआतिनो : आपलं घर दिसतं?

लाफाएले : हो तर. माझी लुंगी अजून दोरीवरच आहे. काढायला विसरलीस.

फुआतिनो : थट्टा पुरे. टेलेसिया, तू सांग. सामोआ कुठल्या बाजूला?

टेलेसिया : तू तिकडेच तोंड करून उभी आहेस.

फुआतिनो : मग... दिसतंय का गं गाव?

टेलेसिया : दिसतंय, आत्या. आजी अंगण झाडतेय.

फुआतिनो : आणि पोरं?

टेलेसिया : रांगेनं उभी आहेत. तुला हात हलवताहेत.

फुआतिनो : अहो, ही पिशवी धरा जरा.